कपाटावरची पट्टी

वैशाखात आमच्या उलव्यात डिंक धरत नाही. खाडीवरून येणारी हवा इतकी ओली असते की चिकटवलेलं काहीही आठ दिवसांत सुटायला लागतं. लिफ्टशेजारची सोसायटीची नोटीस एका कोपऱ्यावर लोंबकळते. फ्रिजवरचा गणपती पोटाच्या बाजूने उचलला जातो. पाडव्याला दारावर लावलेलं कागदी तोरण निम्मं खाली येतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागतं. लोकांना वैशाख आंब्याच्या वासाने कळतो म्हणे. मला तो सुटलेल्या कागदांवरून कळतो.

आणि पहिला कागद सुटलेला दिसला की माझे पाय आपोआप बेडरूममधल्या लोखंडी कपाटाकडे वळतात. दोन दारं जिथे मिळतात तिथे, खालून वीतभर अंतरावर, बोटाच्या पेराएवढा एक फिकट डाग आहे. बाकी काही नाही. गुडघे कुरकुरतात तरी मी खाली वाकतो, डाग बघतो आणि उठतो. सुलभा, म्हणजे माझी बायको, पलंगावरून हे बघत असते. पूर्वी हसायची, आता हसतही नाही. सवयीचं झालंय तिला.

त्या डागाची गोष्ट चार वैशाखांपूर्वीची. त्या आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस असा जन्मतःच संशयी होता की काय. तर होतोच, पण मला त्याचा पगारही मिळायचा.

तीस वर्षं मी उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सील तपासायचं काम केलं. काम सोपं. कंटेनर आला की त्याच्या दाराच्या दांड्यात अडकवलेलं लोखंडी सील बघायचं. त्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडायचा. सील ओढून, हलवून, नखाने खरवडून बघायचं आणि कागदावर लिहायचं, ‘सील शाबूत’. उन्हात तापलेल्या पत्र्यापाशी उभं राहून हे दोन शब्द मी जितक्या वेळा लिहिले, तितक्या वेळा माझं स्वतःचं नावही लिहिलं नसेल.

एकदा अशाच एका कंटेनरवर मी ‘सील शाबूत’ लिहिलं आणि दार उघडल्यावर आत पंख्यांच्या निम्म्या खोक्यांत विटा निघाल्या. चोरांनी सीलला बोटसुद्धा लावलं नव्हतं. दांडा ज्या रिव्हेटांनी दाराला बसवलेला असतो त्या रिव्हेटा काढल्या, दांडा सीलसकट बाजूला केला, माल काढला, नव्या रिव्हेटा ठोकल्या आणि वरून रंगाचा हात मारला. आमचे साहेब शांत माणूस. विटांकडे बघत म्हणाले, “सावंत, सील काय सांगतं? सील एवढंच सांगतं की सील शाबूत आहे.”

दुसरा कुणी असता तर या वाक्यावर विचार केला असता. मी दुसऱ्या दिवसापासून रिव्हेटाही तपासायला लागलो.

हे काम संध्याकाळी यार्डाच्या फाटकापाशी संपत नाही. ते तुमच्याबरोबर बसमध्ये चढतं आणि घरी येतं. आमच्या दाराला बाहेरून लोखंडी जाळीचं दार, त्याला एक कुलूप, आतल्या लाकडी दाराला लॅच, वर एक कडी, खाली एक कडी. दारात बाहेरचं बघायला दुर्बीण. रिटायर झालो तेव्हा लेकीने बंगळूरहून हॉलमध्ये लावायला कॅमेरा पाठवला, तोही मी लावला. सुलभा प्राथमिक शाळेत शिकवायची, तिची जीभ तिखट. म्हणायची, “चोराला एवढी मेहनत करायला लावताय, आत आल्यावर तो काय नेणार? माझी एक पैठणी आणि तुमचा संशय.”

सगळ्यात जास्त ती चिडली अन्नपूर्णेवरून. लग्नात तिच्या आईने चांदीची अन्नपूर्णा दिली होती, करंगळीएवढी. देव्हाऱ्यात तांदळाच्या वाटीत बसलेली असायची. शेजारच्या विंगमध्ये भरदिवसा एक घर फोडलं, तेव्हा मी अन्नपूर्णा उचलून लोखंडी कपाटात, सुलभाच्या आईच्या पाटल्यांशेजारी ठेवली आणि देव्हाऱ्यात बाजारातली पितळेची आणून बसवली. सुलभा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उदबत्ती लावताना म्हणाली, “देवाने आपली राखण करायची की आपण देवाची, हे एकदा ठरवून टाका. मला उगाच दोन्हीकडे हात जोडायला लावू नका.”

मी म्हटलं, “चांदीचा भाव माहीत आहे का?” माझ्याकडे त्या वेळी उत्तर एवढंच होतं.

त्यानंतरच्या थंडीत सुलभाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दोन कड्या, लॅच, जाळी, दुर्बीण, कॅमेरा, सगळं जागच्या जागी होतं आणि सकाळी चहाचा कप तिच्या हातातून पडला. मी तो आवाज ऐकून आधी दाराकडे धावलो. आजही हे लिहिताना मला लाज वाटते. बायको स्वयंपाकघरात पडली होती आणि मी दाराची कडी बघत होतो.

दवाखान्यातून घरी आली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडायची. खायची नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की औषधापेक्षा आता हिचं मन लागणं महत्त्वाचं, हिने स्वतःहून हात हलवायचा प्रयत्न केला तर ही उठेल, नाहीतर अशीच राहील. तिला सांभाळायला बाई ठेवणं भाग होतं. ब्युरोतून पहिली आली, तिच्या आधारकार्डाची मी दोनदा झेरॉक्स काढली. दुसरीची पिशवी जाताना बघायला मागितली. दोघी महिन्याभरात गेल्या. दुसरी जाताना म्हणाली, “काका, तुमाला बाई नको, पोलीस पायजे.”

मग आमच्या मासळीवालीने रंजनाला आणलं. रंजना बाजूच्याच गावातली, पंचेचाळीस-सेहेचाळीसची, उंच, ठसठशीत कुंकू लावणारी. आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागूनच ते जुनं गाव आहे. मी इतकी वर्षं इथे राहतो, पण गावाच्या आत कधी गेलो नव्हतो. आम्ही सोसायटीवाले, ते गाववाले. मध्ये भिंत, भिंतीवर काचा. त्या काचा लावायच्या ठरावाला अनुमोदन माझंच.

पहिल्या दिवशी ती आली, चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मला काही न विचारता सरळ सुलभाकडे गेली. कोमट पाण्याने तिचं तोंड पुसलं, केस विंचरले. विंचरता विंचरता खिडकीबाहेर बघत म्हणाली, “काकू, ये तुमचे बिल्डिंगीखाली आमचा मिठागर व्हता. मी लहानपनी हितंच मीठ ओढलंय.” सुलभाने दोन महिन्यांत पहिल्यांदा मान भिंतीवरून इकडे वळवली.

मी मात्र दारात उभा राहून वेगळाच हिशोब मांडत होतो. जिच्या बापाची जागा आमच्या पायाखाली गेली, ती आमच्यावर राग न धरता कशी बोलते? राग दिसत नाही म्हणजे तो लपवलेला आहे. जे लपवलंय ते कधीतरी बाहेर येणार. पुढे मासळीवालीकडून कळलं की रंजनाचं गावात तीन मजली घर आहे, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू आहेत. झालं. मग तर माझा संशय दुप्पट झाला. भाडं खाणारी बाई दुसऱ्याच्या घरी येऊन बेडपॅन कशाला उचलेल? मी तिला विचारलंही. ती म्हणाली, “घरी बसून काय करू? माझे आयशीचा तीन वर्सं मीच केला. ती गेली, पन हात शिकलेला र्‍हायला.” उत्तर इतकं सरळ होतं की मला ते पाठ केल्यासारखं वाटलं.

सरळ माणसावर विश्वास न बसणं हा एक रोगच आहे. पण रोग्याला तो हुशारी वाटतो.

सुलभा हळूहळू खायला लागली. डाव्या हाताने चमचा धरायला लागली. रंजना तिला गावातल्या गोष्टी सांगायची, लग्नातली गाणी म्हणायची, आणि सुलभा घशातून काहीतरी आवाज काढायची, तो हुंकार आहे हे मला उशिरा कळलं. रंजना गेली असती तर ती पुन्हा भिंतीकडे वळली असती, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणूनच मी तिची पिशवी तपासली नाही, कपाटाची किल्ली तिच्यादेखत लपवली नाही. मी जास्त हुशार गोष्ट केली. मी कपाटाला सील लावलं.

वहीच्या कागदाची एक पातळ पट्टी कापली. दोन दारांच्या फटीवर, खालून वीतभर, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे ती डिंकाने चिकटवली आणि फटीच्या बरोबर मधोमध येईल अशी माझी सही केली. दार उघडलं तर सही फाटणार. रोज संध्याकाळी रंजना गेली की मी चप्पल शोधतोय असं दाखवून खाली वाकायचो. सही जुळलेली असायची. मी उठायचो आणि मनात म्हणायचो, सील शाबूत.

खरं सांगू? त्या महिनाभर मला जशी झोप लागली तशी नोकरीच्या तीस वर्षांत लागली नव्हती. डोकं टेकलं की सकाळच. दारावरची दुसरी कडी लावायचंही दोन-तीनदा विसरलो. घरात बाहेरचं माणूस दिवसभर वावरतंय, बायको आजारी, आणि मी घोरतोय. मला वाटायचं, बघा, बंदोबस्त चोख असला की मन कसं शांत राहतं. एका पेराएवढ्या कागदाने केवढं काम केलं. मी स्वतःवर खूश होतो.

सुलभाचा पलंग कपाटाच्या समोर होता. मी वाकायचो, ती बघायची. पण तिला बोलता येत नव्हतं, म्हणून माझ्या लेखी तिने ते बघितलेलंच नव्हतं.

मग वैशाख आला. फ्रिजवरचा गणपती सुटला, लिफ्टजवळची नोटीस लोंबली. त्या संध्याकाळी मी वाकलो, सही जुळलेली होती, पट्टी घट्ट होती, आणि तरी काहीतरी खटकलं. तीस वर्षांचं बोट. बोट फिरवलं तर पट्टीखाली एक बारीक उंचवटा लागला. मी नखाने हळूच कड उचलली. खाली डिंक नव्हता. वाळून कडक झालेलं, चपटं केलेलं, भाताचं एक शीत होतं.

सील काढून परत लावलेलं होतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला आनंद झाला. राग नाही, धसका नाही. आनंद. मी म्हणत होतो ना, असा आनंद. घाईघाईने कपाट उघडलं. पाटल्या होत्या. मंगळसूत्र होतं. अन्नपूर्णा रुमालात गुंडाळलेली होती तशीच होती. सगळं जागच्या जागी. यावर शहाणा माणूस शांत झाला असता. मी म्हटलं, म्हणजे आधी नुसतं उघडून बघितलंय. अंदाज घेतलाय. हात मारायचा अजून बाकी आहे.

मागे वळलो तर सुलभा माझ्याकडे बघत होती. तिने डावा हात उचलला, कपाटाकडे केला, मग रंजना ज्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची तिकडे केला, मग माझ्याकडे. पुन्हा कपाट, पुन्हा खुर्ची, पुन्हा मी. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “कळलं मला. तू बघितलंस ना? उद्याच तिचा निकाल लावतो.” तिने माझा हात झटकला आणि गादीवर जोरजोराने चापट्या मारल्या. मला वाटलं, किती चिडली आहे बिचारी त्या बाईवर.

दुसऱ्या दिवशी गावदेवीची पालखी होती. रंजनाने आधीच सुट्टी सांगितली होती आणि जेवायचं आमंत्रणही दिलं होतं, “काकूला घेऊन या, मी रिक्षा पाठवते.” मी मनात ठरवलं, जाऊ या. तिच्याच घरी, तिच्याच माणसांसमोर सांगू की उद्यापासून येऊ नकोस. त्यात सूड होता, न्याय वगैरे काही नव्हता. सुलभाला एकटी ठेवता येणार नव्हतं, आणि रिक्षा आली तशी तीच उठायची धडपड करायला लागली. झटक्यानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. मी दोन्ही दारं लावून, कुलूप दोनदा ओढून निघालो.

काचा लावलेल्या भिंतीच्या पलीकडे गाव इतकं जवळ होतं की रिक्षा सुरू होते न होते तोच थांबली. गल्लीभर रांगोळ्या. कुठे ताशा वाजत होता. आणि एकेक घर सताड उघडं. पुढचं दार उघडं, मागचं उघडं, आरपार दिसत होतं. ओट्यावर कुणी नाही, आत कुणी नाही, सगळं गाव पालखीकडे. म्हटलं, ही काय पद्धत झाली?

रंजनाने सुलभाला धरून आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, “दारं अशी टाकून जाता तुम्ही?”

“आजचे दिसा दार लावाचा नसतं, काका,” ती म्हणाली. “आय घराघरान येते. दार बंद दिसला तं ती पुढं निंगून जाते. बसा तुमी, मी पालखीला घेऊन आलीच.”

आणि ती गेली. आम्हा दोघांना तिच्या रिकाम्या, उघड्या घरात सोडून.

मी बसलो. समोर तिचं कपाट होतं. आमच्यासारखंच लोखंडी, हिरव्या रंगाचं. त्याची किल्ली त्यालाच लावलेली होती आणि किल्लीला बांधलेला लाल गोंडा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. मी गोंड्याकडे बघत राहिलो. ज्या बाईला चोर म्हणायला मी आलो होतो, तिने मला तिच्या किल्लीसमोर एकट्याला बसवलं होतं.

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? ही मला तपासतेय. नक्की कुठेतरी खूण करून ठेवली असणार. मी हळूच उठलो, कपाटाजवळ गेलो, आणि गुडघे टेकून दोन दारांच्या फटीत, खालून वीतभर, पट्टी शोधायला लागलो.

मागून एक आवाज आला. विचित्र, खरखरीत, अडखळता. मी दचकून वळलो. सुलभा हसत होती. अर्धा चेहरा वर गेलेला, अर्धा तसाच, डोळ्यांतून पाणी, आणि ती हसत होती. झटक्यानंतर पहिल्यांदा. तिच्या मागे दारात रंजना उभी होती, हातात ओवाळणीचं ताट घेऊन. मी अजून गुडघ्यांवरच होतो.

“काहीतरी पडलं होतं,” मी म्हटलं.

“आमचेकडं पट्टी नाय लावलेली, काका,” ती म्हणाली. आवाजात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. टोमणा नव्हता.

मला उठता येईना. तिनेच हात दिला. मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, “तुमची पट्टी सुटत व्हती. ये उकाड्यान डिंक कुठं टिकतंय? मना वाटला, काका सांजचे बघतील, पट्टी निंगलेली दिसंल नि जिवाला घोर लागंल. अगोदरच काकूचा टेन्शन. म्हनून भाताचा शीत लावून ठेवाची.”

“तुला माहीत होतं?”

“मी खाली वाकून लादी पुसते, काका. बाकीची मानसं उभ्यानं बघतात.”

मी विचारलं, “मग राग नाही आला?”

“आला ना. नाय कसा येनार? पयले दिसा घरी येऊन बोलली, उद्यापासून जायाचा नाय. जेवलीपन नाय. मग म्हनला, पट्टी कपाटाला लावलीय, मना नाय लावली. मी काय तुमचे पट्टीमुलं चांगली हाय? पट्टी नव्हती तवापन मी हीच व्हती.”

एवढं बोलून ती ताट घेऊन ओट्यावर गेली, कारण पालखी कोपऱ्यावर आली होती. ताशाचा आवाज इतका मोठा झाला की पुढचं काही बोलण्याची माझ्यावर वेळ आली नाही, आणि ते बरंच झालं. पालखी उघड्या दारातून आत आली, खोलीत फिरली, सुलभाच्या खुर्चीपाशी थांबली. सुलभाने डावा हात उचलून नमस्कार केला. मग तिने उजव्याकडे बघितलं आणि तो डाव्याने उचलून डाव्याला जोडला. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझे हात जोडले गेले की नाही, मला आठवत नाही.

घरी आल्यावर मी पट्टी काढली. डाग राहिला. रुमालातून अन्नपूर्णा काढली, चांदी काळी पडली होती, ती चिंचेने घासली आणि देव्हाऱ्यात तांदळाच्या वाटीत ठेवली. सुलभा बघत होती. मला वाटलं ती खूश होईल. तिने नुसती मान हलवली, आता झालं ना, अशा अर्थाने.

रंजना पुढे दोन वर्षं येत राहिली. सुलभा काठी धरून चालायला लागली, शब्द एकेक करून परत आले, काही आलेच नाहीत. आता रंजना कामाला येत नाही, तिच्या सुनेला बाळ झालंय. पण वैशाखात फोन येतो, “काका, पालखीला या.” आम्ही जातो.

मी बदललो का? असं म्हणायची पद्धत आहे अशा लेखांत, पण माझा माझ्यावरही विश्वास नाही. त्या दिवसानंतर मला कधीकधी एकदम शांत वाटतं, दुपारी, काही कारण नसताना. आणि लगेच मी त्या शांततेला ओढून, हलवून, नखाने खरवडून बघतो, ही खरी की वरून रंग मारलेली. कंपाउंडवरच्या काचा काढायचा ठराव मी मांडला होता, तो पडला. मला बरंही वाटलं थोडं. साहेबांचं ते सीलबद्दलचं वाक्य आता कळतं, पण कळलं म्हणून हात कडीकडे जायचा थांबत नाही. रंजनाकडे जे आहे ते तिने कुठून आणलं, मला माहीत नाही. ते बाजारात मिळत नाही, नाहीतर मी केव्हाच आणून दाराला लावलं असतं.

काल लिफ्टजवळची नोटीस सुटली. मी सवयीने कपाटापाशी वाकलो, डाग बघितला. सुलभा पलंगावर वाटाणे सोलत होती, डाव्या हाताने, एकेक. मला एकदम आठवलं की इतक्या वर्षांत मी तिला एक गोष्ट विचारलीच नाही. म्हटलं, “तेव्हा तू हात करून दाखवत होतीस. कपाट, खुर्ची, मी. काय सांगत होतीस?”

तिने वाटाणा ताटात टाकला. शब्द गोळा करायला तिला वेळ लागतो. मी थांबलो.

“पट्टी,” ती म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी... सुटली होती.”

“दुसऱ्याच दिवशी?”

“रोज सुटायची. रोज ती... लावायची.” ती थांबली, पुढची शेंग उचलली. “तुम्ही झोपायचात. छान. मला सांगायचं होतं... कुणामुळे झोपताय.”

मी तिथेच खाली, कपाटाला टेकून बसलो. तो अख्खा महिना, ती गाढ झोप, डोकं टेकलं की सकाळ. मी जिच्या भरवशावर झोपत होतो ती पट्टी पहिल्या दिवसानंतर माझ्या डिंकाने धरलेलीच नव्हती. मी झोपत होतो ते त्याच बाईच्या भरवशावर, जिच्यासाठी पट्टी लावली होती.

सुलभाने ताट माझ्याकडे सरकवलं. “बसलाच आहात,” ती म्हणाली, “तर सोला.”